आधी मोजा, मग बोलवा: गाव आणि पर्यटन महाविद्यालयाने मिळून एक हंगाम कसा सांभाळावा

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा असते आणि त्यासाठी ऑनलाइन नोंदणीची सोय आहे. आयत्या वेळी निघालेल्या माणसाला याचा राग येतो. मला मात्र महाराष्ट्रातल्या पर्यटनात तंत्रज्ञानाचा हा सगळ्यांत शहाणा वापर वाटतो, कारण इथे ते गर्दी जमवायला नाही, गर्दी आवरायला वापरलं आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम. त्या थरात सीतेची आसवे, गेंद, तेरडा पावसाच्या भरवशावर उगवतात, फुलतात, बी धरतात आणि संपतात. फोटोसाठी कुणी दहा पावलं आत गेला तर त्या दहा पावलांखालचं पुढच्या वर्षीचं बीसुद्धा जातं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यात महाराष्ट्रातली चार आहेत आणि कास त्यांतलं एक. मान्यता मिळाली की माणसं येणारच. मोजणी नसती तर पठार टिकवणं फार अवघड झालं असतं.

गावोगावी 'डिजिटल पर्यटन' म्हटलं की रील, वेबसाइट आणि अॅप एवढंच डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते हे शेवटचं काम आहे. आधी मोजायचं, मग मर्यादा ठरवायची, मग नोंदणी, आणि त्यानंतर जाहिरात. मोजणीला माणसं लागतात, आणि ती जवळच्या महाविद्यालयाच्या पर्यटन विभागात असतात. त्यांना खरं काम हवं असतं, गावाला हात हवे असतात.

हा लेख दोघांसाठी आहे: घरगुती निवास चालवणारी गावातली समिती आणि पर्यटन शिकवणारे प्राध्यापक. नमुना म्हणून मी कोकणातलं कासवांचं गाव घेतलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास इथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. पुढे पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला माणसं येऊ लागली आणि गावातल्या घरांत पाहुण्यांची सोय झाली. खालची आकडेमोड मात्र वेळासची नाही. ती समजावण्यासाठी घेतलेल्या काल्पनिक गावाची आहे. आपल्या गावाचे आकडे आपणच काढायचे.

पायरी १: नकाशा, आणि नकाशावर काय ठेवायचं नाही

पहिले दोन दिवस फक्त चालायचं. दोन विद्यार्थी आणि गावातला एक जाणता माणूस अशा जोड्या करा. फोनमध्ये ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखं, नेटवर्क नसतानाही चालणारं नकाशाचं अॅप घ्या. विहिरी, पाखाड्या (दगडी पायवाटा), स्वच्छतागृहं, गाड्या लावता येतील अशा जागा, रात्री दिवे जळतात ती ठिकाणं, कचरा साठतो ते कोपरे, आरोग्य उपकेंद्र, भरतीला पाणी येतं तिथपर्यंतची रेघ हे सगळं टिपा. घरी आल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. तो नकाशा सगळ्यांसाठी खुला असतो आणि त्यात कुणीही दुरुस्ती करू शकतो. महाविद्यालयात संगणक असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर शिकवायला यापेक्षा चांगला धडा नाही.

जाणत्या माणसाला बरोबर नेण्याचं कारण वाटा दाखवणं एवढंच नाही. कुठली जागा नकाशावर चढवायची नाही हेही त्यालाच माहीत असतं. देवराईतली आतली जागा, घरट्यांचं नेमकं ठिकाण, बायकांची कपडे धुण्याची जागा, कुणाच्या खासगी बागेतून जाणारी वाट. अशा जागांची यादी करून ती समितीच्या वहीत ठेवा, इंटरनेटवर नाही.

आणि गूगल मॅप्सवर गावाच्या नावाने जी ठिकाणं दिसतात ती तपासा. हंगाम संपल्यावरही 'कासव महोत्सव' चालू दिसत असेल तर माणसं मे महिन्यात येऊन थडकतात. समितीने त्या ठिकाणाची नोंद आपल्या नावावर घेऊन हंगामाच्या तारखा आणि संपर्काचा एकच क्रमांक तिथे द्यावा. आता पुष्कळ लोक सहलीचा बेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला विचारून ठरवतात. चॅटबॉट इंटरनेटवरची जुनी माहितीही आत्मविश्वासाने सांगतो. गावाने स्वतःची खरी, तारीख घातलेली माहिती एका ठिकाणी ठेवली तर चुकीचं पसरण्याची शक्यता कमी होते.

पायरी २: किती माणसं झेपतील

इथे घाई करू नका. पुढचं सगळं या एका आकड्यावर उभं राहणार आहे.

पर्यटनाची धारणक्षमता काढायची एक सुटसुटीत पद्धत मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ साली कोस्टा रिकात मांडली. ती तीन टप्प्यांची आहे. जागेत प्रत्यक्ष किती माणसं मावतात ते आधी काढायचं. मग पाऊस, भरती, नाजूक भाग अशा अडचणींनी तो आकडा कमी करायचा. शेवटी ती गर्दी सांभाळायला आपल्याकडे किती माणसं आणि सोयी आहेत ते पाहून आणखी कमी करायचा. विद्यार्थ्यांना ही पद्धत फळ्यावर शिकवली तर परीक्षेपुरती राहते. किनाऱ्यावर दोरी धरून शिकवली तर विसरत नाहीत.

आपलं काल्पनिक गाव घेऊ. पिल्लं सोडताना पाहुण्यांनी ज्या दोरीमागे उभं राहायचं ती ४० मीटर लांब आहे. एका माणसाला ८० सेंटिमीटर धरले तर एका रांगेत ५०, दोन रांगांत १००. सकाळ आणि संध्याकाळ अशी दोनदा पिल्लं सोडली जातात म्हणून २०० म्हणण्याचा मोह होतो. पण मुक्कामी पाहुणा दोन्ही वेळा येतो, तेव्हा आकडा १०० च धरायचा. आता सांभाळणारे: १५ पाहुण्यांमागे एक स्वयंसेवक हवा, गावात सहा तयार आहेत, म्हणजे ९०. घरं २२, प्रत्येकी चार पाहुणे, म्हणजे ८८.

आता पाणी. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच मोजायचं राहून जातं. जल जीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. गावात १००० माणसं असतील तर ५५,००० लिटर गावाचे. मार्च अखेरीस सगळे स्रोत मिळून दिवसाला ६५,००० लिटर देत असतील, तर उरले १०,०००. शहरातून आलेला माणूस घरच्या सवयीने पाणी वापरतो. शहरी पुरवठ्याचं १३५ लिटरचं माप धरलं तर १०,००० लिटरमध्ये ७४ माणसं बसतात. दोरी १०० म्हणते, स्वयंसेवक ९०, घरं ८८ आणि पाणी ७४. यातला सगळ्यांत लहान आकडा गावाची मर्यादा.

विहिरीचं पाणी मोजायला यंत्र लागत नाही. मोजपट्टीला वजन बांधून रोज सकाळी उपशाआधी आणि संध्याकाळी उपशानंतर पातळी टिपा. चार मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे सुमारे १२,५०० लिटर, आणि दहा सेंटिमीटर म्हणजे १,२५०. संध्याकाळची पातळी रात्रीतून किती वर आली ते पाहिलं की विहीर किती भरते ते कळतं. हे आकडे फोनवरच्या तक्त्यात भरत गेलं की फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतची रेघ डोळ्यांसमोर उतरताना दिसते. ती रेघ गावसभेत भिंतीवर दाखवा. मर्यादा कशासाठी हे समजवायला भाषणाची गरज पडत नाही.

कोकणातली एक गोष्ट बाहेरच्या सल्लागाराच्या लक्षात येणार नाही. कासवांच्या पिल्लांचा हंगाम आणि शिमगा एकमेकांवर येतात. पालखी घरोघर फिरते, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, हजाराचं गाव दीड हजाराचं होतं. त्या दिवसांत पाहुण्यांसाठी पाणी उरतच नाही. ते दिवस नोंदणीच्या तक्त्यात आधीच बंद ठेवा. देवाच्या दारातली माणसं पहिली, पाहुणे नंतर.

पायरी ३: येणाऱ्यांची नोंद

प्रवेशाच्या जागी बसून वहीत रेघा मारल्या तरी मोजणी होते. पण ती नंतर कुणी बेरीज करत नाही. म्हणून कोबोटूलबॉक्स वापरा. सामाजिक संस्था सर्वेक्षणासाठी ते सर्रास वापरतात, फोनवर कोबोकलेक्ट अॅपमध्ये मराठी प्रश्नावली भरता येते, नेटवर्क नसेल तर नोंदी फोनमध्ये साठतात आणि नेटवर्क मिळाल्यावर वर जातात.

प्रश्न थोडे ठेवा. किती माणसं, कुठून आली, कशाने आली, मुक्काम की त्याच दिवशी परत, गावाची माहिती कुठून मिळाली. परत जाताना आणखी दोन: काय आवडलं नाही आणि गावात अंदाजे किती खर्च केला. यापेक्षा लांब प्रश्नावली उन्हात उभ्या माणसाकडून कुणी खरी भरून घेऊ शकत नाही. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर वर्गात बसून ती चाळीस प्रश्न काढतात.

ओळखपत्राची बाब वेगळी. मुक्कामी पाहुण्याची ओळख घरमालकाने पाहायलाच हवी, आणि परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन द्यावी लागते. पण आधार कार्डांचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणं ताबडतोब बंद करा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याचं ओळखपत्र शंभर फोनमध्ये फिरवणं पाहुणचारात बसत नाही.

पायरी ४: नोंदणी, साध्या साधनांनी

अॅप बनवून देतो म्हणणारे गावात येतील. पहिल्या दोन हंगामांत तरी नाही म्हणा. दिवसाला ७४ माणसांच्या नोंदणीला एक गूगल फॉर्म, एक सामायिक तक्ता, समितीचा एक फोन आणि यूपीआयचा एक क्यूआर कोड पुरतो.

गूगल फॉर्म प्रत्येक दिवसाच्या ७४ जागा स्वतः मोजत नाही. म्हणून फॉर्मच्या पहिल्याच ओळीत लिहा: 'ही विनंती आहे. समितीकडून निरोप आल्यावरच नोंदणी पक्की.' समितीतल्या एकीने रोज संध्याकाळी ठरावीक वेळी फॉर्म उघडायचा, तक्त्यात जागा पाहायची, पैसे भरण्याचा निरोप पाठवायचा, पैसे आले की घर नेमून द्यायचं. पाठोपाठचं घर पाठोपाठच्या पाहुण्याला, असा क्रम तक्त्यातच ठेवा. नाहीतर रस्त्यालगतची दोन घरं भरून वाहतात आणि वरच्या वाडीतल्या घरी हंगामभर कुणी जात नाही. असं एक वर्ष गेलं की ती वाडी कासवांच्या कामातून मनाने बाहेर पडते.

७४ च्या ७४ जागा ऑनलाइन ठेवू नका. ५० फॉर्मवर, १४ फोनवर बोलून नोंदणी करणाऱ्यांना, १० राखीव. फोनवरच्या जागा म्हाताऱ्यांसाठी आणि फॉर्म भरता न येणाऱ्यांसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल यायची असेल तर आठवड्यातला मधला एक दिवस मुलांसाठीच ठेवावा, शक्यतो फुकट. पुढे किनारा सांभाळायचा आहे तो त्याच मुलांना.

पैसे समितीच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर घ्या, कुणा एकाच्या नाही. दर महिन्याचा हिशेब छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा: आलेले पैसे, घरांना दिलेले, स्वयंसेवकांचं मानधन, घरट्यांच्या कामासाठी बाजूला काढलेले. माझ्या पाहण्यात गावपर्यटन बंद पडण्याचं कारण पर्यटक नसणं हे क्वचितच असतं, बहुतेक वेळा पैशावरून मन फाटलेलं असतं. घरांची नोंद राज्याच्या पर्यटन विभागाकडे आणि केंद्राच्या 'निधी' पोर्टलवर करून ठेवा. पुढे कर्जाला आणि योजनांना ती लागते.

पायरी ५: पाहुण्याला आधीच खरं सांगणं

ऑलिव्ह रिडलेची मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात, नेमकं कधी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. मुंबईपुण्याहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या कुटुंबाला पिल्लू दिसलं नाही की राग येतो, आणि मग 'घरटं उकरून एक तरी दाखवा' असा आग्रह होतो. या आग्रहातूनच कासवांचं नुकसान होतं. तो दबाव कमी करणं हे तंत्रज्ञानाचं मोलाचं काम.

घरट्यांची वही तक्त्यात उतरवा: घरटं क्रमांक, अंडी सापडल्याची तारीख, अंड्यांची संख्या, ४५ वा दिवस, ६० वा दिवस. दोन्ही तारखा तक्ता आपोआप काढतो. त्यावरून दर रविवारी समितीने पुढच्या आठवड्याचा अंदाज तीन शब्दांतला एक वापरून जाहीर करावा: शक्यता जास्त, मध्यम, कमी. घरट्याचं ठिकाण सांगायचं नाही, फक्त अंदाज. नोंदणीच्या निरोपातच लिहा की पिल्लं दिसतीलच असं नाही आणि न दिसल्यास पैसे परत मिळत नाहीत. ज्यांना हे मान्य नाही ते येत नाहीत, आणि त्यांनी न येणं दोघांच्याही हिताचं आहे.

मग आलेल्यांना दिवसभर दाखवायचं काय? पुष्कळ आहे. घरट्यांच्या कुंपणात वनविभागाच्या परवानगीने तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवलं असेल तर त्याचा आलेख दाखवा. कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं; साधारण २९ अंशांच्या वर वाळू तापली की माद्या जास्त निघतात. हवामानबदल म्हणजे काय हे त्या एका आलेखावरून लहान मुलालाही कळतं. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकणच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. वेळासच्या मादीचं नाव प्रथमा, आंजर्ल्याची सावनी. त्या कुठे गेल्या याचे नकाशे मोठ्या कागदावर छापून पडवीत लावा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये क्रमांकाची पट्टी लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावर, ही गोष्ट नकाशावर बोट फिरवत सांगितली की पिल्लू न दिसलेला पाहुणाही समाधानाने जेवायला बसतो.

पायरी ६: निसर्गाच्या नोंदी, आणि ठिकाण लपवणं

निसर्गनोंदींची संकेतस्थळं आहेत: पक्ष्यांसाठी ईबर्ड, बाकी सगळ्या सजीवांसाठी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. विद्यार्थी आणि पाहुणे दोघांनाही यावर नोंदी करायला शिकवता येतं. दरवर्षी त्याच वाटेवर, त्याच आठवड्यांत नोंदी झाल्या तर पर्यटनाने काही बिघडतंय का हे चारपाच वर्षांत दिसू लागतं.

धोका ठिकाणाचा. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं. वीसेक किलोमीटरच्या चौकोनात ते कुठेही असू शकतं असं दिसतं. पण घाटातल्या प्रत्येक दुर्मीळ आमरीची (ऑर्किडची) किंवा ढोलीतल्या घुबडाची जात त्या यादीत असेलच असं नाही. तिथे नोंद करणाऱ्याने स्वतः 'धूसर' हा पर्याय निवडायचा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करा, कारण फोटोच्या फाइलमध्ये अक्षांशरेखांश लपलेले असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच जातात.

काजव्यांबाबत तर याहून कडक राहावं लागतं. भंडारदरा परिसरात मेअखेर ते पहिला पाऊस एवढ्याच दिवसांत त्यांचा मिलनाचा काळ असतो आणि नर मादीला शोधतो तो प्रकाशाच्या खुणेने. गाड्यांचे दिवे, फोनचे टॉर्च यांनी ती खूण पुसली जाते, आणि गवतात बसलेल्या माद्या बुटांखाली येतात. तिथे झाडांची ठिकाणं समाजमाध्यमांवर टाकणं थांबवणं हेच खरं संवर्धन. किनाऱ्यावरही तसंच: पिल्लं उजळ क्षितिजाकडे जातात, मागे हॅलोजन पेटला तर जमिनीकडे वळतात. रात्री किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे बंद, गरज पडली तर लाल कागद लावलेला टॉर्च.

पायरी ७: कचरा, पैसा, धोका

कचऱ्यासाठी ताणकाटा आणि तक्ता. ओला, प्लास्टिक, काच असं रोज वजन करा आणि त्या दिवसाच्या पाहुण्यांच्या संख्येने भागा. माणशी वजन वाढलं की कारण शोधायचं. बहुतेकदा पाण्याच्या बाटल्या सापडतात. मग प्रत्येक घरी तांब्याभांडं आणि गाळलेलं पाणी, आणि नोंदणीच्या निरोपात 'बाटली घरून भरून आणा' ही ओळ.

पाहुण्याचा पैसा गावात किती टिकतो हे विद्यार्थ्यांनी काढावं. तीन दिवस प्रत्येक घराची खरेदी लिहून घ्यायची. तांदूळ, नारळ, कोकम, नाचणी, मासळी गावातली की बाजारातून आलेली? घावन आणि सोलकढी देणाऱ्या घरात पैसा वाडीत फिरतो. पनीर आणि पाकीटबंद नाश्ता देणाऱ्या घरातून तो त्याच दिवशी तालुक्याला जातो. हा अभ्यास झाल्यावर जेवणाचा बेत कसा बदलायचा ते बायका आपणच ठरवतात.

धोक्यासाठी तीन गोष्टी समितीच्या फोनमध्ये हव्यात: हवामान खात्याचे इशारे, विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप, आणि उंच लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची सूचना. इशारा आला की किनारा किंवा सडा (कातळाचं पठार) बंद करण्याचा अधिकार कुणाला, हे हंगामाआधी नावानिशी लिहून ठेवा. पाहुण्यांनी पैसे भरलेले असताना 'आज नाही' म्हणणं फार जड जातं. अधिकार ठरलेला असेल तर ते जमतं.

पायरी ८: महाविद्यालयाने काय करायचं

पर्यटनाच्या अभ्यासक्रमात विमानतिकिटांच्या आरक्षणप्रणाली, हॉटेलची व्यवस्था, सहलीचं वेळापत्रक हे असतं आणि असावं. पण ठिकाण सांभाळायचं कसं, हे कौशल्य शिकलेली माणसं फार कमी तयार होतात, आणि येत्या काळात गरज त्यांचीच आहे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा मान्यता मिळाली. रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर, खांदेरी, सिंधुदुर्ग या प्रत्येक ठिकाणी मोजणारी, नोंदवणारी, स्थानिकांशी बोलणारी माणसं लागणार आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. ते वीस वेगवेगळ्या ठिकाणी उधळण्यापेक्षा एका गावाशी तीन वर्षांचा करार करा. पहिल्या वर्षाची मुलं नकाशा आणि मोजणी करतील, दुसऱ्या वर्षाची तक्ते आणि धारणक्षमता, तिसऱ्या वर्षाची गावसभेपुढे मांडणी. पुढची तुकडी मागच्या तुकडीच्या आकड्यांवर काम करेल. दरवर्षी नव्याने 'सर्वेक्षण' करून जाणाऱ्या मुलांना गाव कंटाळतं, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

अहवाल मराठीत, दोन पानांत, मोठ्या अक्षरात. इंग्रजी प्रबंध विद्यापीठाला हवा असेल तर तो वेगळा. काही गुण गावसमितीच्या हातात द्या: ही माहिती आमच्या उपयोगी पडली का, एवढा एकच निकष. आणि गावातल्या जाणत्यांना वर्गात बोलावताना पाहुणे प्राध्यापकाला देता तेच मानधन त्यांनाही द्या. वाळूतली मादीची पावलं पाहून घरटं कुठे असेल ते ओळखणारा माणूस त्या विषयाचा शिक्षकच आहे.

मुलांकडून होणारं आणखी एक काम म्हणजे आवाज साठवणं. नौकानयन, नमन, जत्रा, मासेमारीच्या जागांची नावं याबद्दल म्हाताऱ्यांशी बोलून, त्यांची संमती आधी नोंदवून, पाच पाच मिनिटांचे तुकडे करा. पण वाटेवर क्यूआर कोडच्या पाट्या लावून थांबू नका. नेटवर्क नसेल तिथे कोड उघडत नाही. ध्वनिफिती नोंदणी पक्की झाल्यावरच पाहुण्याच्या फोनवर पाठवा, म्हणजे तो एसटीत बसूनच ऐकेल. अमराठी पाहुण्यांसाठी केंद्राच्या 'भाषिणी'सारख्या साधनांनी भाषांतराचा कच्चा खर्डा होतो. गावांची आणि माशांची नावं मात्र माणसाने तपासलीच पाहिजेत.

पाय पडायला नको अशा जागांसाठी त्रिमिती प्रतिकृती करता येते. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कोवळ्या तिरप्या उन्हात, प्रत्येक फोटोचा तीनचतुर्थांश भाग पुढच्या फोटोत येईल असे फोटो काढत सगळ्या बाजूंनी फिरलं, जवळ मोजपट्टी ठेवली आणि मेशरूम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो घातले की शिल्पाची प्रतिकृती तयार होते. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरायचा नाही. ड्रोन उडवायचा असेल तर 'डिजिटल स्काय'वर हवाई क्षेत्र तपासा, आणि वनक्षेत्र असेल तर वनविभागाची परवानगी घ्या. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला पडवीत बसून ते शिल्प फिरवून पाहता येतं, हे मला या सगळ्या साधनांत फार मोठं वाटतं.

पायरी ९: हंगाम संपल्यावर

पाऊस लागण्याआधी एक बैठक. पुढ्यात चार कागद: रोजच्या पाहुण्यांची संख्या, विहिरींची पातळी, माणशी कचरा, आणि घराघरांत वाटलेले पैसे. ज्या दिवशी ७४ ची मर्यादा ओलांडली गेली त्या प्रत्येक दिवशी काय झालं हे स्वयंसेवकांना विचारा. वरच्या वाडीला किती पाहुणे गेले ते वाचून दाखवा. तक्रारींची यादी करा, पाहुण्यांच्याही आणि गावातल्यांच्याही. गावातल्यांच्या आधी घ्या.

त्याच बैठकीत पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या राहिलेल्या प्रती पुसून टाका. कायद्याने ठेवावी लागणारी नोंदवही तेवढी ठेवा. तक्त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक महाविद्यालयात राहू द्या. मुलं पदवी घेऊन जातात, प्राध्यापक बदलतात, फोन हरवतात, म्हणून पासवर्ड दोघांकडे हवा.

पुढच्या वर्षीचा आकडा दिवाळीआधीच्या गावसभेत ठरवा. मर्यादा ७४ ची ८० करायची असेल तर पाण्याचा एखादा स्रोत वाढला आहे का ते आधी पाहा, आणि नसेल वाढला तर ७४ च राहू द्या. शिमग्याच्या तारखा पंचांगातून काढून तक्त्यात बंद करा. ठराव लिहून झाला, सह्या झाल्या, की मगच नोंदणीचा फॉर्म उघडा.